पाठदुखीसाठी एक्स्ट्रा फर्म लॅटेक्स गादी घरी कशी जुळवायची

लॅटेक्सची, म्हणजे फोमसारख्या रबराची, गादी घरी जुळवणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकाच जागी बिनसतं. पाठ दुखते म्हणून खालपासून वरपर्यंत सगळे थर मिळतील तेवढे कडक घेतले जातात. कंबरेला जरा आराम पडतो, पण खांदे आणि खुबे ठणकायला लागतात. मग वरून जाड, मऊ टॉपर टाकला जातो आणि सगळा खटाटोप पाण्यात जातो. काही जण तर थर घरी येण्याआधीच खोळ शिवून घेतात, थर एकमेकांना चिकटवून टाकतात आणि पुढे काही बदलायचं म्हटलं की हात बांधलेले.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. जे नंतर बदलता येतं ते आधी करायचं. जे बदलता येत नाही, म्हणजे कापणं, चिकटवणं आणि मापाची खोळ शिवणं, ते शक्य तितकं मागे ढकलायचं.

## १. दुखणं गादीचंच आहे ना?

रात्री झोपताना ठीक असतं, सकाळी उठताना कंबर आखडलेली असते, थोडं हिंडल्याफिरल्यावर सुटते आणि दुसऱ्या एखाद्या अंथरुणावर झोपलं की बरं वाटतं, तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दिवस चढेल तसं दुखणं वाढत असेल तर आधी खुर्चीकडे आणि बसण्याच्या सवयीकडे बघा. गादी बदलून त्यात फारसा फरक पडणार नाही.

इशारा: पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, ताप, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारी वेदना किंवा रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा असेल तर आधी डॉक्टर, मग गादी. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा मांड्यांच्या आतल्या भागातली संवेदना गेली असेल तर लगेच रुग्णालय गाठा. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर लॅटेक्स मागवण्याआधी तेही विचारून घ्या.

## २. पलंग तपासा, कारण बऱ्याच तक्रारी तिथल्या असतात

लॅटेक्स लवचीक असतं. खाली जो आकार असेल, तो ते निमूटपणे घेतं. पलंगाच्या पट्ट्या मध्यभागी खाली गेल्या असतील तर सर्वांत कडक थरसुद्धा तिथे खोलगट होणार, आणि दोष मात्र गादीला लागणार.

जुनी गादी बाजूला करा. पलंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा आणि मध्यभागी कोणाला तरी बसवा. पट्ट्या दोरीपासून स्पष्टपणे खाली जाताना दिसल्या तर आधी त्या दुरुस्त करा. दोघांच्या पलंगाला मधोमध आधाराचा पाय हवाच. पट्ट्यांमधली फट ३ इंचांपेक्षा जास्त नको, २ इंच असेल तर उत्तम. वर फुगीर आणि दाबल्यावर लवचणाऱ्या लाकडी पट्ट्या असतील, तर एक्स्ट्रा फर्मचा हेतूच मारला जातो. त्यांच्यावर प्लायवूड टाका आणि त्याला हवेसाठी वीतभर अंतराने भोकं पाडा. अखंड, बिनभोकांच्या फळीवर खालून हवा खेळत नाही, घामाचा ओलावा तळाशी साचतो आणि बुरशी धरते.

उंचीचा हिशोबही इथेच करा. पलंग आणि गादी मिळून साधारण गुडघ्याइतकी उंची हवी. कडेवर बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. दुखऱ्या कंबरेला झोपण्याइतकाच त्रास उठण्याचा होतो, हे बरेच जण विसरतात.

## ३. पैसे घालण्याआधी जमिनीवर झोपून बघा

सतरंजीवर दोन-तीन जाड गोधड्या किंवा घड्या घातलेली ब्लँकेटं टाका आणि काही रात्री जमिनीवर झोपा. कंबर सुधारली आणि खांदे-खुबेही तक्रार करत नसतील, तर तुम्हाला खरोखर एक्स्ट्रा फर्म मानवेल. कंबर सुधारली पण कुशीवर झोपल्यावर खांदा दुखला, तर गाभा, म्हणजे खालचे आधाराचे थर, कडक आणि वरचा थर थोडा मऊ हवा. कंबरही बिघडली, तर एक्स्ट्रा फर्मचा नाद सोडा आणि मध्यम-कडक गादीकडे वळा.

शेवटची शक्यता वाटते तेवढी दुर्मीळ नाही. २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम-कडक गादी दिली गेली. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. 'पाठदुखीला जितकं कडक तितकं चांगलं' हा सल्ला सरसकट खरा नाही. काहींना तो लागू पडतो, आणि ते तुम्ही आहात का एवढं जमिनीवर झोपण्याची ही परीक्षा फुकटात सांगते.

## ४. थर ठरवा

इथे घाई करू नका. बाकीच्या सगळ्या पायऱ्या या निर्णयावर उभ्या आहेत.

कोणतं लॅटेक्स? दोन पद्धतींचं मिळतं, डनलॉप आणि तलाले. तलाले हलकं, उसळतं आणि एकसारखं असतं. डनलॉप जड आणि भरीव. एक्स्ट्रा फर्म गाभ्यासाठी डनलॉपच घ्या. साच्यात जड कण थोडे तळाशी बसत असल्याने डनलॉपच्या थराची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कडक असू शकते. पुढे हे उपयोगी पडेल.

कडकपणा कसा वाचायचा? दोन आकडे दिसतात. एक आयएलडी. ५० चौरस इंचांच्या गोल चकतीने ४ इंच जाड नमुना २५ टक्के दाबायला किती पौंड जोर लागतो, ते हा आकडा सांगतो. ढोबळमानाने २० पर्यंत मऊ, २४ ते ३० मध्यम, ३० ते ३६ कडक आणि ४० च्या आसपास व पुढे एक्स्ट्रा फर्म. काही उत्पादक नमुना ४० टक्के दाबून न्यूटनमध्ये आकडा देतात. तो या आकड्यांशी ताडून बघू नका.

दुसरा आकडा घनतेचा. डनलॉपमध्ये साधारण ६५ किलो प्रति घनमीटर म्हणजे मऊ, ७५ मध्यम, ८५ कडक, ९५ आणि वर एक्स्ट्रा फर्म. पण खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं. अशा थराची घनता कागदावर झकास दिसते, हातात मात्र तो ठिसूळ लागतो. म्हणून वेगवेगळ्या उत्पादकांच्या घनतेची थेट तुलना करण्यात अर्थ नाही. सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्रही कडकपणाबद्दल काहीच सांगत नाही.

जुळणी. कडकपणा गाभ्यात ठेवायचा आणि शरीराला टेकणाऱ्या वरच्या एक-दोन इंचांत गरजेपुरता दिलासा द्यायचा. हे गणित चुकलं की पुढे काहीही करा, गादी जमत नाही.

- उताणं किंवा पालथं झोपणाऱ्यांसाठी: खाली ३ इंच एक्स्ट्रा फर्म, त्यावर ३ इंच एक्स्ट्रा फर्म. वर हवा तर १ इंच कडक-मध्यम, नाहीतर काहीच नाही.
- कुशीवर झोपणाऱ्यांसाठी: खाली ३ इंच एक्स्ट्रा फर्म, मध्ये ३ इंच फर्म (कडक), वर २ इंच मध्यम.
- वजन ९० किलोच्या वर असेल तर: गाभ्याचे दोन्ही थर एक्स्ट्रा फर्म, आणि वरचा थर २ इंचांपेक्षा जाड नको.
- वजन ६० किलोच्या आत असेल तर: तुम्हाला 'फर्म' थरसुद्धा एक्स्ट्रा फर्म भासेल. एक पायरी खाली उतरा.

एकूण ६ ते ८ इंच पुरे. जाडी वाढवली की आधार वाढतो हा समज इथे उलटा पडतो. थर जितके जास्त, तितकं दबायला जास्त. एवढं करूनही टणकपणा कमी वाटेल अशी शंका असेल, तर सर्वांत खाली २ इंच रबराइज्ड काथ्याचा थर घाला. तो लवचत नाही, आणि हवाही खेळू देतो.

वर १ इंचाचा अगदी मऊ थर घ्यायचा मोह टाळा. खुब्याखाली तो पार चेपला जातो, शरीर थेट गाभ्यावर टेकतं, आणि तुम्ही पैसे मोजलेत एका जाड चादरीचे.

दोघांच्या गरजा वेगळ्या असतील तर गाभ्याचे थर उभे दोन तुकड्यांत मागवा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळा कडकपणा ठेवता येतो. सर्वांत वरचा थर मात्र अखंड घ्या, नाहीतर मधली फट अंगाला जाणवते.

तपासा: मागणी देण्याआधी कागदावर खालून वर क्रमाने प्रत्येक थराची लांबी, रुंदी, जाडी, पद्धत आणि कडकपणा लिहा. न वापरलेला, न कापलेला थर बदलून मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

## ५. थर आले की लगेच रचू नका

लॅटेक्स गुंडाळून, आवळून येतं. पॅकिंग कापताना पाती आत घुसवू नका. प्लास्टिक चिमटीत वर उचलून कात्रीने कापा. थर सपाट पसरा, वर चादर टाका, खोलीत हवा खेळती ठेवा आणि निदान एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. वास येईल, तो काही दिवसांत ओसरतो. या अवस्थेत माप घेतलंत तर चुकणार, कारण थर अजून पूर्ण फुललेला नसतो.

उचलताना कडेला धरून ओढलं की लॅटेक्स फाटतं, आणि कडक, जड थर तर आणखी लवकर. ६० × ७८ इंचांच्या ६ इंच जाड गाभ्याचं वजन ४० किलोच्या आसपास भरतं. एकट्याने ओढाताण करू नका, विशेषतः ज्याची पाठ दुखतेय त्याने. दोघांनी थराची सैल घडी घालून खालून हात घालून उचला.

आता पडताळणी. थर वजनकाट्यावर ठेवा आणि घनता काढा. ९० × १९० × ७.५ सेंमीचा थर म्हणजे ०.१२८ घनमीटर. तो १२ किलो भरला तर घनता साधारण ९४. तुम्ही ९५ मागवलं असेल तर ठीक. तो ९.५ किलोच भरला, तर हातात पडलंय मध्यम. असा थर कापण्याआधी, वापरण्याआधी परत करा.

एक कोपरा दुमडून वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारकाईने बघा. चांगलं लॅटेक्स तिथे नुसतं ताणलं जातं, छिद्रं लांबट होतात आणि सोडलं की लगेच पूर्ववत. बारीक भेगा उमटल्या किंवा बोटाला पिठासारखी पूड लागली, तर त्यात भर जास्त आहे किंवा माल जुना आहे.

## ६. बिनखोळीची रचना आणि पहिली परीक्षा

थर ठरलेल्या क्रमाने पलंगावर रचा. चारही कडा हाताने चाचपून एका रेषेत आणा. मग सगळं मिळून एका जाड, गडद सुती चादरीत गच्च गुंडाळा आणि चादरीची टोकं खाली दाबा. उजेडाने लॅटेक्स खराब होतं, म्हणून उघडं ठेवू नका. पहिले दोन आठवडे असेच झोपा.

चिकटवू नका. लॅटेक्सवर लॅटेक्स मुळात सरकत नाही, घर्षणच पुरेसं असतं. गोंद लावला की थरांची अदलाबदल संपली. शिवाय सुकलेल्या गोंदाचा कडक पापुद्रा तयार होतो, तो वेगळाच.

आता झोपून बघा.

उताणे झोपा. हाताचा तळवा सपाट करून कंबर आणि गादीच्या मधल्या जागेत सरकवा. हात थोडा घासत गेला तर बरोबर. मनगटापर्यंत मोकळा आरपार गेला तर गादी तुम्हाला जास्त कडक आहे. हात शिरतच नसेल आणि खुबे खाली गेल्यासारखे वाटत असतील, तर गाभा मऊ पडतोय.

मग कुशीवर झोपा आणि कोणाला तरी पाठीमागून फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा जमिनीला समांतर दिसली पाहिजे. फोटो पाठीच्याच उंचीवरून काढायचा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत सगळ्यांचीच पाठ सरळ दिसते. अंगावर सैल कपडे नकोत, नाहीतर कण्याऐवजी शर्टाच्या चुण्याच दिसतील.

तपासा: उशी. कडक गादीत खांदा कमी रुततो, त्यामुळे कुशीवर झोपल्यावर डोकं आणि गादी यांच्यातलं अंतर वाढतं. जुनी, पातळ उशी आता बुटकी पडते, मान दुखते, आणि खापर गादीवर फुटतं. उताणं झोपणाऱ्यांनी गुडघ्याखाली, कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घेऊन बघावी. पालथं झोपणाऱ्यांनी डोक्याखालची उशी अगदी पातळ ठेवावी.

## ७. बदल करा, पण एका वेळी एकच

नव्या, कडक गादीवर पहिले काही दिवस अंग आंबल्यासारखं वाटतं. साधारण दोन ते चार आठवड्यांत शरीर सरावतं. मात्र दुखणं दिवसेंदिवस वाढतच असेल किंवा पायात कळ उतरू लागली, तर सरावाची वाट बघत बसू नका.

बदलांचा क्रम असा ठेवा: आधी उशी, मग वरचा थर, मग मधला, आणि सर्वांत शेवटी खालचा.

- कुशीवर झोपल्यावर खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात: वरचा थर पालटून त्याची मऊ बाजू वर आणा. पुरलं नाही तर त्याच्या जागी २ इंच मध्यम थर घ्या. गाभ्याला हात लावू नका.
- खुबे खाली जातात, सकाळी कंबर धरते: वरचा थर काढून एक-दोन रात्री झोपून बघा. सुधारणा झाली तर दोषी तोच. नाही झाली तर गाभ्याच्या दोन थरांची जागा बदला, जास्त कडक वर आणा.
- खांद्याला मऊ हवं आणि खुब्याला कडक: मधला थर आडवा तीन तुकड्यांत विभागून खांद्याखाली मध्यम आणि खुब्याखाली एक्स्ट्रा फर्म तुकडा बसवता येतो. वर अखंड थर असला की सांधे जाणवत नाहीत. पण यासाठी कापावं लागतं, म्हणून बाकी सगळं करून झाल्यावरच.

## ८. कापायचंच असेल तर

नवी, लांब पात्याची दातेरी पावसुरी किंवा विजेवर चालणारी मांस कापायची सुरी घ्या. बोथट पात्याने कड फाटकी येते. वरून आणि खालून, दोन्हीकडे रेघ मारा. रेघेवर लाकडी पट्टी ठेवा, पण दाबू नका. दाबून कापलेली कड सोडल्यावर आत वळलेली निघते. पातं उभं धरून एकाच खोलीवर लांब हात मारत जा, आणि एका दमात आरपार जाण्याचा हट्ट नको. प्रत्येक तुकड्याला अर्धा सेंमी जास्त ठेवा, म्हणजे खोळीत तुकडे एकमेकांना घट्ट बसतात.

इशारा: गरम तारेने कापू नका. त्या तारेने थर्माकोल वितळतो, पण लॅटेक्स वितळत नाही, जळतं आणि धूर सोडतं.

## ९. खोळ, आणि तीही आता

रचना पक्की झाली की सगळे थर एकत्र ठेवून, कोणाचंही वजन नसताना, लांबी-रुंदी-उंची मोजा. उंची चारही बाजूंना आणि मध्यभागी घ्या. कागदावरच्या जाड्यांची बेरीज करून खोळ मागवू नका.

कापड निवडताना बरेच जण फक्त रंग बघतात. एक्स्ट्रा फर्म गादीला खोळीचा मोठा हात लागतो. न ताणलं जाणारं, घट्ट विणलेलं सुती कापड वरचा भाग तंबूसारखा ताणून धरतं आणि गादी आणखी टणक वाटते. ताणणारं होजियरी कापड लॅटेक्सला शरीराच्या आकारात जाऊ देतं. कुशीवर झोपणाऱ्यांनी दुसरं घ्यावं, उताणं झोपणाऱ्यांनी पहिलं. जाड रजईसारखी भरलेली खोळ म्हणजे नकळत टाकलेला आणखी एक मऊ थर. सहाव्या पायरीवर जमवलेला हिशोब ती बिघडवते.

चेन निदान तीन बाजूंना हवी. एकाच बाजूची चेन असेल तर ४० किलोचा गाभा आत ढकलताना कडा फाटतात. खोळीचा तळ पलंगावर पसरा, त्यावर एकेक थर रचा, वरचा भाग ओढा आणि मग चेन लावा. चेन लावताना लॅटेक्स हाताने आत दाबत जा. दातांमध्ये अडकलेला तुकडा हमखास तुटतो.

## १०. निगा

ऊन दाखवू नका. कापसाच्या गादीला ते चांगलं, लॅटेक्सला नाही. उन्हाने ते पिवळं पडतं, कडक होतं आणि भुरभुरायला लागतं. थर धुऊ नका. डाग पडला तर ओल्या फडक्याने टिपा आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच खोळीत घाला. वर प्लास्टिकचं आवरण घालू नका, घाम आतच राहतो.

दर तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा. वर्षातून एकदा खोळ उघडून वरच्या थरावर सपाट पट्टी आडवी ठेवा. पट्टीखाली खुब्याच्या जागी बोटभर खळगा दिसला, तर तेवढा एकच थर बदला. खालचा गाभा बहुतेक वेळा अजून शाबूत असतो.